सत्तर टक्के की अर्धी ओळ?

काय सांगू तुम्हाला, लोकांना काही धरबंधच राहिलेला नाही. दोघांतला एक १९८० साली गेला. दुसऱ्यानं ऐंशी ओलांडली, तरी अजून गिटार गळ्यात अडकवून गातोय. आणि इकडं चांगली शिकलीसवरलेली, नातवंडं खेळवायच्या वयाची माणसं रात्रीची जेवणं आटोपली की वही उघडून त्या दोघांच्या गाण्यांची वाटणी करत बसतात. ही ओळ जॉनची, ती चाल पॉलची, मधला तुकडा पुन्हा जॉनचा. तलाठ्यानं बांध मोजावा तसं हे सगळं चालतं. शोभतं का हे?

मला विचाराल तर मुळीच शोभत नाही. माझ्या वहीचा विषय वेगळा. ती मी फक्त संदर्भासाठी ठेवलीय.

तर प्रकरण असं. बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी इंग्लंडात ५ ऑगस्ट १९६६ ला बाजारात आली. चौदा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांचा पोरवयातला करार होता, की गाणं कुणीही लिहो, नाव दोघांचं लागणार. किती गोड! मिसरूड फुटायच्या वयातले करार असेच असतात. पण पुढं त्याच्यावर जन्मभर धुसफूस चालते. कारण नाव दोघांचं असलं तरी आधी कुणाचं? १९६३ च्या पहिल्या मोठ्या तबकडीवर 'मॅकार्टनी–लेनन' असं छापलं होतं. त्याच वर्षी ते उलटं झालं ते झालं. नव्वदच्या दशकात 'अँथॉलॉजी' निघत होती तेव्हा पॉलनं मागणी केली, की निदान 'यस्टरडे'वर तरी माझं नाव आधी घाला, ते तर मी एकट्यानं केलंय. जॉनच्या पत्नी योको ओनो यांनी साफ नकार दिला. मग २००२ मध्ये आपल्या मैफिलींच्या तबकडीवर पॉलनं एकोणीस गाण्यांना स्वतःचं नाव पुढं लावून टाकलं. साठीचा माणूस हो! लग्नपत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून मांडवात रुसून बसणारे काका आपल्याच घरात असतात असं उगीच वाटायचं मला.

आता वहीकडं वळते. म्हणजे लोकांच्या वह्यांकडं.

चौदातली तीन गाणी जॉर्ज हॅरिसनची, ती बाजूला ठेवा. उरली अकरा. त्यांतली पाच सरळसरळ जॉनची, पाच सरळसरळ पॉलची. इथं कुणीही शहाणा माणूस 'फिट्टंफाट' म्हणून वही मिटेल. पण अकरावं गाणं राहतं ना! ते म्हणजे 'यलो सबमरीन'. पोरासोरांचं गाणं, गायलं रिंगो स्टारनं, आणि सगळे इतकी वर्षं म्हणत आले की हे पॉलचं. एक ओळ तर डोनोव्हन या शेजारधर्म पाळणाऱ्या गायकानं सुचवलेली. २०२२ मध्ये या तबकडीची मोठी पेटी निघाली, तिच्यात जॉनच्या घरचं एक जुनं ध्वनिमुद्रण सापडलं. त्याच गाण्याच्या कडव्याची चाल, पण गिटारवर एकटा जॉन, आणि सूर असा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. झालं! छप्पन्न वर्षांनी जॉनच्या पक्षाला वारसाहक्काचा कागद मिळाला. पाच-पाचचे साडेपाच-साडेपाच झाले, आणि पॉलचा पक्ष तेव्हापासून म्हणतो, की कडवं तुमचं असेल, पण जग जे गातं ते धृपद आमचं.

अमेरिकेतली गोष्ट तर विचारूच नका. तिथल्या कॅपिटॉल कंपनीनं जॉनची तीन गाणी आधीच मागवून घेऊन जूनमध्येच दुसऱ्या एका तबकडीत खपवली. त्यामुळं ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'रिव्हॉल्व्हर' निघाली ती अकरा गाण्यांची. त्यात पॉलची पाच, धाकट्या जॉर्जची तीन आणि जॉनची दोन. संस्थापक सभासदाची दोन! अमेरिकेतली एक अख्खी पिढी हीच तबकडी ऐकत वाढली आणि 'सहासष्टात जॉन जरा ढिला पडला होता' असं एकमेकांना सांगत राहिली. तीन गाणी कंपनीनं पळवली आणि आळशीपणाचा ठपका मात्र जॉनवर. १९८७ मध्ये सीडी आली तेव्हा कुठं तिकडंही चौदाच्या चौदा गाणी एकत्र मिळाली.

अर्थात आळशीपणाचं म्हणाल तर त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मॉरीन क्लीव्ह या पत्रकार बाई जॉनच्या वेब्रिजच्या बंगल्यावर जाऊन आल्या आणि त्यांनी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये लिहिलं, की हा बहुधा इंग्लंडातला सर्वांत आळशी माणूस असावा. पॉल गाणी करायला त्याच बंगल्यावर जायचा. एके दिवशी गेला तर स्वारी अजून अंथरुणात. मग हा गिटार घेऊन पोहण्याच्या तलावाशेजारी बसला आणि जॉन उठेपर्यंत त्यानं 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर'चा बराचसा भाग जुळवून टाकला. आता याच तबकडीवर जॉननं काय दिलंय? 'आय'म ओन्ली स्लीपिंग'. म्हणजे मला उठवू नका, एवढंच सांगणारं गाणं! एकानं झोपेवर गाणं केलं, दुसऱ्यानं त्याच्या झोपेत केलं. आणि बरं का, ते झोपेत झालेलं गाणं जॉनला इतकं आवडायचं, की बीटल्सच्या आपल्या लाडक्या गाण्यांत तो त्याचं नाव घ्यायचा. पॉलनं तलावाशेजारी बसून केलेल्या गाण्यात जॉनचा हिस्सा किती धरायचा? वहीवाले शून्य धरतात. मी म्हणते, तो वेळेवर उठला असता तर?

खरी भांडणं मात्र 'एलिनॉर रिग्बी'वरून. इथं मी खुर्ची जरा पुढं ओढते.

१९७२ मध्ये जॉननं सांगितलं, की या गाण्याचे साधारण सत्तर टक्के शब्द माझे. १९८० च्या मुलाखतीत तो म्हणाला, की पहिलं कडवं पॉलचं, बाकी बहुतेक मीच. सावकारी व्याजसुद्धा इतक्या वेगानं चढत नाही! उलट पॉलचा हिशेब एकदा ऐंशी-वीसचा होता, अर्थात ऐंशी त्याचे. आणि लेखक हंटर डेव्हिस यांच्याशी बोलताना तर तो म्हणून गेला, की जॉननं मदत केली खरी, अर्ध्या ओळीची. अर्धी ओळ! अहो, आपल्या बालमित्राला कुणी निदान पूर्ण ओळ तरी देतं की नाही?

साक्षीदार म्हणाल तर पीट शॉटन. हा जॉनचाच लहानपणचा दोस्त, म्हणजे त्याच्याच बाजूनं बोलायला हवा. तो म्हणतो, की त्या दिवशी मी तिथंच होतो आणि जॉनचा हातभार जवळजवळ काहीच नव्हता. गाण्यातल्या पाद्र्याचं नाव आधी मॅकार्टनी होतं. बापाचं नाव चव्हाट्यावर येईल म्हणून ते बदलायला शॉटननंच सुचवलं, मग टेलिफोनच्या यादीतून 'मॅकेन्झी' निघालं. शेवटी त्या दोन एकाकी जिवांची गाठ घालून द्यावी, पण फार उशिरा, ही कल्पनाही त्याचीच. जॉननं तिथल्या तिथं त्याला झटकून टाकलं, आणि पॉलनं गाणं त्याच वळणावर संपवलं. म्हणजे जॉनच्या सत्तर टक्क्यांतले काही टक्के या शॉटनकडंच जायचे की काय! वाजवण्याचा हिशेब काढाल तर तिथं चौघांपैकी कुणाचंच नाव नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो, आणि त्यांची रचना निर्माते जॉर्ज मार्टिन यांची. पॉल गातो, जॉन आणि जॉर्ज मागं सूर धरतात.

आणि नाव? पॉल सांगतो, की रिग्बी हे ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवर दिसलं. पण लिव्हरपूलला वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात एलिनॉर रिग्बी नावाच्या बाईंची खरोखरची कबर आहे. आणि ६ जुलै १९५७ ला जॉन आणि पॉलची पहिली भेट झाली ती याच चर्चच्या जत्रेत. आता करा वाटणी.

यावर प्रोफेसर लोकही घसरले, हे ऐकून तर मी कपाळालाच हात लावला. हार्वर्डचे मार्क ग्लिकमन आणि कॅनडाचे जेसन ब्राऊन या दोघांनी १९६२ ते १९६६ मधली गाणी घेऊन कोण कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर जातो, याचं संख्याशास्त्र मांडलं. भांडण होतं 'रबर सोल'मधल्या 'इन माय लाइफ'चं. तिथं पॉल म्हणतो चाल माझी, जॉन म्हणायचा मधल्या तुकड्यात थोडी मदत झाली एवढंच. यंत्रानं कडव्यांचं माप जॉनच्या पदरात टाकलं. पॉलचा पक्ष अजून अपिलात आहे. गंमत म्हणजे पॉल स्वतःच समाधानानं सांगतो, की एवढ्या सगळ्या गाण्यांत आमचं न जुळणारी फक्त दोन निघाली, हे एक आणि 'एलिनॉर रिग्बी'. घटस्फोटानंतर एवढ्या मोठ्या इस्टेटीत दोनच भांडी वादाची उरली, तर आपल्याकडं पेढे वाटतील.

बरं, त्या दोघांच्या भानगडीत तिसऱ्याकडं लक्ष कुणाचं? तबकडी उघडते तीच जॉर्जच्या 'टॅक्समॅन'नं. त्यातला तो झणझणीत गिटारचा तुकडा ऐकून लोक वर्षानुवर्षं जॉर्जची पाठ थोपटत होते, आणि वाजवलाय पॉलनं! मग जॉर्जच्या 'लव्ह यू टू'वर येऊ. तिथं तबला आहे, आणि तबलजी आहेत अनिल भागवत. हो, भागवत! ११ एप्रिल १९६६ ला ॲबी रोडला जाऊन ते वाजवून आले आणि वेष्टनावर त्यांचं नावही छापलं गेलं. ज्या घरात नावाच्या क्रमावरून पुढं चाळीस वर्षं मनं कडू झाली, तिथं आमचे भागवत एका गाण्यात नाव लावून मोकळे. माझ्या वहीत तिसरा रकाना नव्हता. तो मी त्यांच्यासाठी पाडला.

'शी सेड शी सेड'च्या वेळी तर पॉल भांडून स्टुडिओतून निघूनच गेला, असं तो स्वतः सांगतो. बास बहुधा जॉर्जनं वाजवला, असंही म्हणतो. कशावरून भांडले ते मात्र त्याला आठवत नाही. अशा वेळी नेमकं आठवत नाही लोकांना.

आता माझा निकाल. पाचास पाच गाणी समोरासमोर ठेवली तर पॉल सरस. 'फॉर नो वन' हे एक गाणंच पुरे आहे, त्यात जॉन आणि जॉर्ज वाजवायलासुद्धा नव्हते. पण तबकडी ज्या गाण्यानं संपते, त्या 'टुमॉरो नेव्हर नोज'पुढं बाकीची तेरा जरा घरगुती वाटायला लागतात. ते जॉनचं. नि:संशय जॉनचं. जवळजवळ एकाच षड्जावर उभं. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणताहेत असा आवाज काढा, असं त्यानं सांगितलं आणि विशीतल्या जेफ एमरिक या तंत्रज्ञानं त्याचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला. पहिलं ध्वनिमुद्रण याचंच झालं, ६ एप्रिलला. जॉनचा पक्ष इथं फटाके वाजवतो.

वाजवू द्या. फक्त त्या गाण्यात सीगल पक्षी ओरडल्यासारखा जो चिरका आवाज येतो ना, तो नीट ऐका. असले आवाज टेपच्या वेटोळ्यांतून काढणं हे पॉलचं खूळ होतं, तो घरी बसून टेपरेकॉर्डरवर असले उद्योग करायचा. आणि तो सीगल म्हणजे वेग वाढवलेलं पॉलचं हसणं आहे.