खेळातली बँक आणि खेळाबाहेरची

ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा खेळ 2003 पासून चालू आहे. त्यात अंतराळयानं आहेत, लढाया आहेत. पण कित्येक खेळाडू लढाईच्या वाटेलाच जात नाहीत. ते खनिज काढतात, यानं बांधतात, जिटा नावाच्या पेठेत माल विकतात, कंपन्या काढून शेअर खपवतात आणि इस्क या चलनात एकमेकांना व्याजानं कर्ज देतात. इचलकरंजीतला एखादा खर्चीवाला यंत्रमागधारक हे ऐकून म्हणेल, दिवसभर याच भानगडीनं डोकं उठतं, रात्री वर पैसे मोजून पुन्हा तेच कशाला? प्रश्न रास्त आहे. तरीही हा खेळ शाळेत लावावा अशी आमची नम्र सूचना आहे. पैसा बुडतो कसा, हे इतकं उघडपणे दुसरीकडे कुठं शिकवत नाहीत.

पुरावा घ्या. 2006 मध्ये कॅली या नावानं वावरणाऱ्या खेळाडूनं बँक काढली, व्याज वेळेवर देऊन विश्वास कमावला आणि 790 अब्ज इस्क घेऊन तो पसार झाला. वर चित्रफीत काढून आपण हे कसं केलं तेही सांगितलं. आपल्याकडचे पळालेले इतका खुलासा करत नाहीत. 2009 मध्ये इबँक नावाच्या दुसऱ्या बँकेच्या प्रमुखानं ठेवीदारांचे 200 अब्ज इस्क काढले आणि खऱ्या 6,300 ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले; घराची आगाऊ रक्कम आणि मुलाच्या दवाखान्याचा खर्च भागवायचा होता म्हणे. ठेवीदार धावले, रकमा काढू लागले. कंपनीनं त्या गृहस्थाला खेळातून हाकललं. मात्र गुन्हा ठरला तो खेळातलं चलन बाहेर विकल्याचा. ठेवी उचलणं नियमात बसत होतं! पुढं बँकेचे हिशेब उघडले, तेव्हा कळलं की प्रमुखानं नेलं त्याहून मोठं भगदाड न फिटलेल्या कर्जांनी आधीच पाडलं होतं.

कुणी म्हणेल, इस्क म्हणजे खोटा पैसा, बुडाला तर बुडाला. पण सूत-कापसाच्या गावानं तरी हे म्हणू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर माणसं पैसे लावायची. कापसाचं बोंडही न पाहिलेला माणूस कापसात बुडायचा. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं, तर पुढच्याच वर्षी कल्याणजी भगतनं वरळीत चिठ्ठ्या काढून मटका सुरू केला. माल नाही म्हणून धंदा अडला नाही. आता सगळं सरकारमान्य आणि मोबाइलवर आहे. सेबीच्याच अभ्यासात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर होता. 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ऑप्शन्स हा खेळ नसल्यामुळं ते चालूच आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपल्याकडे कायदा आहे, रिझर्व्ह बँक आहे. आहे खरी. डिसेंबर 2023 मध्ये इचलकरंजीच्याच शंकरराव पुजारी नूतन नागरी सहकारी बँकेचा परवाना तिनं रद्द केला आणि विम्यामुळं 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळालं. हे खेळात होत नाही, एवढं मान्य करायला हवं. बाकी, बँका कोसळणं ही खेळाचीच मक्तेदारी मानायचं कारण नाही. सीसीपीनं 2007 मध्ये खेळातल्या बाजारावर नजर ठेवायला अर्थतज्ज्ञ नेमला. तो तिमाही अहवाल काढत असतानाच, ऑक्टोबर 2008 मध्ये, आइसलँडच्या तीन मोठ्या खऱ्या बँका आठवड्याभरात आडव्या झाल्या.

आणि विमा ठेवीला आहे, उधारीला नाही. इचलकरंजीचा खरा पैसा उधारीत फिरतो. ताग्यांची गठडी बांधली, चलनावर सही झाली, टेम्पो निघाला, की माल परपेठेतल्या व्यापाऱ्याचा आणि चिंता इथल्या कारखानदाराची. पहिली दोन-तीन पेमेंटं वेळेवर येतात; कॅलीचं व्याजही यायचं. मग ऑर्डर वाढते, मुदत लांबते, आणि एके दिवशी दुकानाला कुलूप दिसतं. मधल्या दलालाला काहीच ठाऊक नसतं, हा तर पिढीजात रिवाज. लघुउद्योगाचं देणं 45 दिवसांत द्या, नाहीतर त्या वर्षी तो खर्च म्हणून धरणार नाही, अशी आयकराची तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली, तेव्हा देशभरच्या कापड व्यापाऱ्यांनी ती पुढं ढकला म्हणून ओरड केली. वेळेत पैसे देणं हे धंद्यावरचं संकट आहे, असं त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद, की खेळातून काही निपजत नाही आणि मागावर कापड निघतं. याला उत्तर नाही. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून कापड खरंच निघतं आहे. म्हणून तर इथला फसलेला माणूस खेळ बंद करून झोपू शकत नाही. त्याला कामगारांचा पगार आणि विजेचं बिल भागवायचं असतं.

तेव्हा शाळेचं राहू द्या. पतसंस्थेतल्या ठेवीला तो 5 लाखांचा विमा लागू नाही, एवढं लक्षात ठेवा आणि यंदाच्या वार्षिक सभेला गेलात तर नाश्त्याच्या रांगेत लागण्याआधी अहवालातलं थकबाकीचं पान वाचा.