काठी चिखलात रोवू नये

मासा धरायचा असेल तर काठी हातातच ठेवा. चिखलात रोवलीत तर तुम्ही यंत्रचालक. मी नाही म्हणत, देशातल्या मासेमारी कायद्यांचा मूळपुरुष म्हणतो. इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यात 'स्थिर यंत्र' म्हणजे काय ते सांगितलंय: मासे धरण्याचं जाळं, पिंजरा, सापळा किंवा दुसरी कुठलीही युक्ती, जी जमिनीत रोवली आहे किंवा अन्य कोणत्याही प्रकारे स्थिर केली आहे. अशा यंत्रांवर बंदी घालायचा, नियम लावायचा अधिकार सरकारला. नियम मोडला तर शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि पहिली शिक्षा होऊनही मोडतच राहिलात तर वर रोजचे दहापर्यंत.

आता नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्याकाठी बसलेले आपले पावरा आदिवासी आजोबा घ्या. पुरुषभर उंचीची बांबूची काठी, तिला नायलॉनचा दोरा, दोरा तरंगायला जुन्या स्लिपरचा कापलेला तुकडा, वजनाला सायकलचा नट, टोकाला आठवडे बाजारातून आणलेला गळ आणि गळावर वळवळणारं गांडूळ. काठी हातात आहे तोवर आजोबा साधे मासे धरणारे. पण बिडी पेटवायला दोन्ही हात लागतात. त्यांनी काठी चिखलात खोचली, काडी ओढली, आणि तेवढ्या वेळापुरते ते स्थिर यंत्राचे मालक झाले. बिडी पेटली, काठी परत हातात आली, यंत्र गायब. गुन्हा घडला, संपला, धूर तेवढा उरला.

इथून पुढे खरी मजा. काठी किती खोल गेली म्हणजे ती रोवली? चार बोटं की वीतभर? मोजायला टेप हवी, दोन पंच हवेत, चिखलाचा नमुना सीलबंद करायला हवा. काठी पायाच्या अंगठ्यात धरली तर? 'अन्य कोणत्याही प्रकारे' म्हटल्यावर अंगठा आला, दगडाची खाच आली, मांडी आली. नातवाला 'धर रे जरा' म्हणून दिली तर नातूही यायला हवा, पण आठ वर्षांचं पोर स्थिर असत नाही, सबब नातू निर्दोष. दुपारी आजोबांना डुलकी लागली, काठी मुठीतच राहिली. काठी स्थिर, मूठ स्थिर, आजोबा पळसाला टेकून स्थिर. आता यंत्र कोणतं आणि जप्त काय करायचं? काठी ओढली तर आजोबा जागे होणार, हलणार आणि यंत्र अस्थिर होऊन केसच पडणार. आजोबांसकट जप्ती केली तर मुद्देमालाच्या खोलीत त्यांना भाकरी कोण घालणार? नंबराची चिठ्ठी काठीला बांधायची की अंगठ्याला? आणि सगळ्यात मोठी पंचाईत अशी, की मासा गळाला लागला की काठी हलते. म्हणजे मासा लागताक्षणीच यंत्र स्थिर उरत नाही. मासा लागत नाही तोवर गुन्हा आणि लागला की निर्दोष सुटका! इतका न्यायी कायदा इंग्रजांनी दुसरा केला नसेल.

तुम्ही म्हणाल, अहो, इंग्रज गेले. गेले की. मग महाराष्ट्राने 1960 चा आपला कायदा केला. गुजरातने 2003 मध्ये केला. मध्य प्रदेशाचा 1948 चा आहे. आणि सरदार सरोवराचं एकच पाणी या तिन्ही राज्यांत पसरलंय. पलीकडे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. इकडे नातवाच्या मोबाइलवर बातमी येते की राज्यात 1 जूनपासून मासेमारीबंदी. आजोबा दोरा गुंडाळून घरी. ती बंदी समुद्रातली असते, आणि नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. राज्यमासा मात्र आहे: 2023 पासून पापलेट. धडगावच्या आजोबांनी पापलेट बघितलंच असेल तर फोटोत. पलीकडच्या राज्याचा मासा महसीर, नर्मदेतला. म्हणजे मधली धार ओलांडून तो इकडच्या गळाला लागला, की त्याचं पद गेलं, उरला फक्त रस्सा.

नवापूरला बरं आहे. तिथे स्टेशनच्या बाकड्यावरच सीमा दाखवलीय, अर्धं बाकडं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बसणाऱ्याला आपला कुठला भाग कुठल्या राज्यात टेकला ते कळतं. उकाई धरणाचा फुगवटाही त्याच तालुक्यात येतो, पण पाण्यावर कुणी रेघ मारली नाही. त्यामुळे गळ एका राज्यात टाकावा, दोरा वाऱ्याने दुसऱ्यात जावा आणि परवाना तिसऱ्याच माणसाने मागावा.

परवान्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. सरदार सरोवराखाली अक्कलकुवा आणि अक्राणी ऊर्फ धडगाव तालुक्यांतली 33 गावं गेली. धरणाची उंची 138.68 मीटर, पाणी पहिल्यांदा काठोकाठ भरलं 2019 च्या सप्टेंबरमध्ये. आजोबांचा गळ ज्या पाण्यात बुडतो त्याच्या तळाशी त्यांचं शेत आहे, बांध आहे, मोहाचं झाड आहे. ते बुडवताना 'बुडालं' कशाला म्हणायचं याची व्याख्या इतक्या बारकाईने कुणी पाहिली नव्हती. तेव्हा नकाशावरची रेघ एक सांगायची, घरात शिरलेलं पाणी दुसरंच. आता स्वतःच्या शेतावर गळ टाकला तर विचारतात, कागद कुठाय? बुडवायला कागद लागला नाही, मासा काढायला लागतो. आणि विचारणारा एक असेल तर शपथ. पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, काठ तिसऱ्याचा, ठेका चौथ्याचा. आजोबांचं काय, तर गांडूळ.

दंडाचं गणितही बघून घ्या. त्याच 1897 च्या कायद्यात पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे बंदी असताना काठी रोवलीत आणि शिक्षा होऊनही पुढचे दहा दिवस काढली नाहीत, तर दंडात तुम्ही सुरुंगवाल्याच्या पंक्तीला. सुरुंगवाला तर एका दुपारीत अख्खा डोह रिकामा करतो. आजोबांना दहा दिवसांत चार चिलापी आणि एक शिंगाडा मिळाला तरी पुष्कळ.

हे सगळे नियम मराठीत, पावरीत, भिलीत एका पानावर लिहून बाजाराच्या दिवशी लावायला किती खर्च येईल? एका बॅनरचा. वाढदिवसाच्या बॅनरांना या जिल्ह्यात कधी तूट पडलेली नाही.

तोवर काठीची जप्ती करायला निघालेल्या साहेबांनी दोन कागद सोबत ठेवावेत. पहिला 1996 चा पेसा कायदा: अनुसूचित क्षेत्रातले लहान जलसाठे कुणी सांभाळायचे ते त्यात लिहिलंय, आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे अख्खे तालुके त्या क्षेत्रात येतात. दुसरा 2006 चा वनहक्क कायदा, कलम 3(1). त्यातला चौथा हक्क वाचा. पाण्यातले मासे तिथे सामूहिक हक्क म्हणून नाव घेऊन नोंदवलेत. काठी रोवलेली असावी की हातातली, याबद्दल त्या ओळीत एक अक्षर नाही.