घोडनदीची फौज आणि केडगावची देणगी

एखाद्या देशाने आपल्या सेवाभावी संस्थांकडे येणारा परदेशी पैसा अडविणारा कायदा केला, की इतर देशांच्या परराष्ट्र खात्यांत जी धांदल उडते, तिच्याइतकी निरुपद्रवी धांदल राजनीतीच्या दप्तरात दुसरी सापडणार नाही. प्रथम चिंता व्यक्त होते. संस्था धापा टाकू लागल्या की ती गंभीर चिंता होते. आणि दाराला कुलूप लागले की, मयताच्या घरी तेराव्याला पोचणाऱ्या सोयऱ्याप्रमाणे, तीव्र खेद येऊन उभा राहतो. ज्याच्याविषयी हा सारा खटाटोप, तो देशही आपला वाटा चोख बजावतो. कायदे करणे हा आमचा सार्वभौम अधिकार असून त्यात परक्यांनी लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, एवढे कळवून तो खलिता दप्तरी दाखल करतो.

आपल्याकडे हा विधी अनेकदा यथासांग पार पडलेला आहे. आणीबाणीच्या अमदानीत, 1976 साली, परदेशी देणग्यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला, 2010 साली तो नव्याने घडविण्यात आला, आणि 2020 च्या सप्टेंबरात त्याला असा पीळ देण्यात आला, की परदेशी देणगीचा प्रत्येक रुपया नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच उतरावा, प्रशासनावर त्यातील 20 टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये, आणि एका संस्थेने दुसरीला, मग तीही रीतसर नोंदलेली का असेना, त्यातला छदामही देऊ नये. तत्पूर्वी 2015 साली, मुंबईच्या सबरंग ट्रस्टला दिलेल्या पैशाच्या निमित्ताने फोर्ड फाउंडेशनवर सरकारची नजर बसली, तेव्हा अमेरिकेचे राजदूत रिचर्ड वर्मा यांनी दिल्लीतील एका भाषणात चिंता व्यक्त केली. 2020 च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बाशेले यांनी केली, आणि आपल्या प्रवक्त्यांनी विलंब न लावता सार्वभौमत्वाची पोच दिली. दोन्ही पक्षांस आपण काही तरी केले असे वाटले, आणि तसे वाटणे हाच या पत्रव्यवहाराचा मुख्य लाभ असल्यामुळे त्यात उणे काढण्याचे कारण नाही.

या थोर संवादाचा आवाज दौंड तालुक्यातील एखाद्या वसतिगृहाच्या खजिनदारापर्यंत मात्र पोचत नाही. तो पदाधिकाऱ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्सवर सह्या घेत हिंडत असतो. कायद्याची मेहेरबानी अशी, की त्यासाठी त्याने दिल्लीची गाडी पकडण्याची सक्ती नाही; जवळच्या शाखेतूनही कागदांची रवानगी होते. मग कागद दिल्लीस जातात, देणगी दिल्लीस येते, आणि मुलींच्या पानात पडावयाचे धान्य राजधानीची प्रदक्षिणा करून भीमेच्या काठी परत येते.

याच तालुक्यातील केडगावास पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाईंच्या साहाय्यार्थ 1887 साली बॉस्टन शहरी एक मंडळी स्थापन झाली आणि तिच्या पैशावर 1889 साली मुंबईत शारदासदन निघाले. पुढे ते पुण्यास आले, आणि नंतर हे सारे कार्य केडगावी स्थिरावले. त्या पैशाविषयी संशय आपल्या लोकांसही आला होता, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्याचे दिसताच 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. त्याच साली धोंडो केशव कर्वे यांनी सदनातल्याच एका विधवेशी पुनर्विवाह केला, आणि 1896 साली आपले स्वतःचे अनाथ बालिकाश्रम मंडळ उभारले. बॉस्टनच्या डॉलरास पुण्याने दिलेले ते उत्तर! त्यासाठी ना प्रवक्ता लागला, ना कलम. पण त्यात स्वतः काम करावे लागते ही मोठीच अडचण असल्यामुळे हा मार्ग पुढे फारसा रूढ झाला नाही.

परकीय साहाय्यापासून सार्वभौमत्वास खरोखर धोका कसा संभवतो, हे ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने केडगावाहून शिरूरास जावे. 1802 च्या वसईच्या तहाने बाजीरावसाहेबांनी इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी वार्षिक 26 लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि घोडनदीच्या काठी त्या फौजेची छावणी पडली. तिचा एक सेनानी कर्नल वॉलेस 1809 साली तेथेच वारला, आणि भोवतालच्या गावांनी त्याच्या कबरीस सत्पुरुषाचे स्थान मानून सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून वाहिले, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. इतक्या आदराने परकीय हस्तक्षेपाचे स्वागत करणाऱ्या तालुक्यात पुढे रांजणगावी कोरियाची एलजी, चीनची हायर आणि इटलीची फियाट येऊन स्थिरावल्या, यात नवल नाही. रेफ्रिजरेटरमध्ये येणारी परदेशी रक्कम गुंतवणूक म्हणविते, तिच्यासाठी रस्ते रुंद होतात आणि मंत्री फीत कापतात. वसतिगृहात येणारी रक्कम तेवढी राष्ट्रास कमजोर करते.

बाहेरच्या चिंतातुरांचेही चरित्र काही कमी उद्‌बोधक नाही. जॉर्जियाने 2024 साली असाच कायदा केला, तेव्हा अमेरिकेने त्याच्या पुरस्कर्त्यांच्या व्हिशांवर निर्बंध घातले. जॉर्जियाचे सत्ताधारी म्हणाले, तुमच्याकडे 1938 पासून असा कायदा आहेच की! दोन्ही कायद्यांत अंतर आहे, हे खरे; पण मुत्सद्द्यास असे अंतर सोयीपुरतेच दिसते. पुढे 2025 च्या जुलैत अमेरिकेने परदेशांस मदत पोचविणारी आपली यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. देणगी घेणाऱ्यांस दिल्लीने आवळले होतेच. देणाऱ्यांस आता वॉशिंग्टनने आवळले.

आपल्या कायद्यात दयेचा अंश नाही असा आक्षेप घेणाऱ्यांनी मात्र एक दाखला ध्यानात घ्यावा. 2014 च्या मार्चात दिल्ली उच्च न्यायालयाने ठरविले, की काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेताना याच कायद्याचा भंग केला आहे. तेव्हा आधी 2016 साली आणि मग 2018 च्या वित्त विधेयकात दुरुस्ती झाली, आणि ही दुसरी, लोकसभेत चर्चेवाचून मंजूर होऊन, थेट 5 ऑगस्ट 1976 पासून अमलात आली. म्हणजे 42 वर्षांपूर्वीचा गुन्हाही गुन्हा राहिला नाही. केडगावच्या वाटेवरील आमच्या खजिनदाराने ही वार्ता ऐकून उगाच उमेद धरू नये. त्याच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर आहे, आणि ती पुढे ढकलण्याचे विधेयक अद्याप कोणी आणलेले नाही.