शेवटच्या साडीचा व्यवहार
रेडिस हा सगळा डेटा रॅममध्ये ठेवणारा साठा. साल्वातोरे सान्फिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरने तो २००९ मध्ये बाहेर काढला. लिही, वाच, एक वाढव, एक कमी कर अशा आज्ञा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो. मात्र एका वेळी एकच. गादीवर मेहताजी एकटा, खतावणी एक, बाकी सगळ्यांनी रांगेत यायचं.

सुरतेत पर्वत पाटियाच्या एखाद्या घाऊक साडीवाल्याने आपला स्टॉक यात ठेवला, तर अडचण कळते ती लग्नसराईत. एका डिझाइनचा एकच नग उरलेला. काउंटरवरचा माणूस पाहतो : एक. फोनवर धुळ्याच्या गिऱ्हाइकाशी बोलणारा पाहतो : एक. दोघेही "आहे ना, देतो की" म्हणतात आणि दोघेही एक वजा करतात. शिल्लक उणे एक. उणे एक साडीची घडी कशी घालायची, हे रेडिस सांगत नाही. त्याच्या लेखी चारही आज्ञा बिनचूक पार पडल्या. घोळ झाला तो पाहणं आणि वजा करणं यांच्यामधल्या फटीत.

ती फट बुजवायला स्वतःची आज्ञा लिहावी लागते : शिल्लक असेल तरच वजा कर, नाहीतर 'माल संपला' म्हण. २०१२ च्या २.६ आवृत्तीपासून हे लुआ भाषेत लिहिता येतं. लुआ १९९३ ची, रिओ दि जानेरोच्या विद्यापीठातली. ती यादीची मोजणी शून्याऐवजी एकपासून करते, एवढ्यावरच दुकानदाराने तिला पसंत करावं. अशी आज्ञा, म्हणजे स्क्रिप्ट, चालू असताना मधे कोणी घुसत नाही.

कापडवाल्यांनी मात्र सावध राहावं. साडेपाच मीटर साडी, ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, एकूण ६.३० मीटर. लुआमधून हा आकडा तसाच परत केला की रेडिस दशांश छाटतो आणि उत्तर देतो ६. तक्रार नाही, इशारा नाही. उरलेल्या पन्नास सेंटिमीटरमध्ये बाह्या बसवणं शिंप्यावर सोडलेलं असतं. उपाय साधा आहे : आकडा मजकूर म्हणून परत करावा.

दुसरा धोका लांबलेल्या स्क्रिप्टचा. पाच सेकंद उलटले की रांगेतल्यांना 'कामात आहे' असं उत्तर मिळू लागतं. स्क्रिप्ट आपोआप थांबत नाही. तिने काही लिहिलं नसेल तर ती मारता येते. लिहिलं असेल तर साठा न जतन करता सर्व्हर बंद करणं एवढंच उरतं. अर्धवट नोंदीपेक्षा शटर खाली बरं, असा हा बाणा.

याहून मोठी हौस असेल, तर ४.० आवृत्तीपासून (२०१७) सी भाषेत मोड्यूल, म्हणजे रेडिसला जोडायचा भाग, लिहिता येतो. साडीच्या शिलकीसाठी तो लिहिणं हा शुद्ध उत्साह. तिथे दहा ओळींचा लुआ पुरतो. मोड्यूल कोसळला की सर्व्हरही कोसळतो. मोड्यूलने आणलेल्या नव्या डेटाप्रकाराला नाव नेमकं नऊ रोमन अक्षरांचं लागतं, आठ नाही की दहा नाही. कारण प्रत्येक अक्षराला सहा बिट, आवृत्तीच्या आकड्याला दहा, बेरीज चौसष्ट. डिस्कवर जतन करणं, परत वाचणं, मेमरी मोकळी करणं हेही लिहिणाऱ्यानेच शिकवायचं. आणि मोड्यूल न बसवता ती जतन केलेली फाइल उघडली, तर रेडिस ते नऊ अक्षरी नाव लॉगमध्ये छापतो आणि सुरू व्हायला नकार देतो.