गोळी खिशात, गुपित पोटात

जळगाव असो की धुळे, मेडिकलच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. ते मागे रेंगाळतं. बाईचं खोकल्याचं औषध होऊ देतं, म्हाताऱ्याच्या शुगरच्या गोळ्या होऊ देतं. दुकान रिकामं झालं की पुढे सरकतं आणि अर्ध्या आवाजात नाव सांगतं. पट्टी कागदात गुंडाळून खिशात जाते. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असं त्या पट्टीवरच छापलेलं असतं. तरी चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही.

आणि याच माणसाच्या पाकिटात छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटही असते.

धोका इथे आहे. कागदात गुंडाळलेल्या त्या पट्टीत असतं ते ताठरता आणणारं सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल. ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. सॉर्बिट्रेट, मोनोट्रेट ही नायट्रेटची औषधंही तेच करतात. दोघांची शरीरातली वाट एकच. एकेकटी गोळी बीपी थोडं उतरवते. दोन्ही एकत्र आल्या की बीपी धाडकन कोसळतं. आधीच थकलेलं हृदय हा धक्का कसा सोसणार?

म्हणून नियम सरळ आहे. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. रोज नायट्रेट किंवा तशाच परिणामाचं निकोरँडिल चालू असेल, तर या गोळ्या मुळातच बंद. हार्ट फेल्युअरसाठी व्हेरिसिग्वाट चालू असेल, तरीही नाही.

आता रात्री दोनचा प्रसंग बघा. छातीत कळ येते. घरात धावपळ. शेजारचा कुणीतरी जाणता जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला निघतो. १०८ रुग्णवाहिका येते, डॉक्टर विचारतात, काय काय घेतलंय? बायकोला माहीत नाही. मुलासमोर बापाच्या तोंडून शब्द फुटत नाही.

लाज वाचते. माणूस वाचेलच असं नाही.

मग हृदय कमजोर झालं की संसारातला शरीरसंबंधाचा भाग संपला का? अजिबात नाही. ज्याचं हार्ट फेल्युअर औषधांनी आटोक्यात आहे, जो धाप न लागता दोन जिने भरभर चढतो, ज्याला नायट्रेट चालू नाही आणि ज्याचं बीपी फार खाली नाही, अशा रुग्णाला डॉक्टर ही गोळी कमी डोसपासून देऊ शकतात. बसल्या जागी दम लागतो, पाय सुजलेत, नुकताच अटॅक येऊन गेलाय, त्याने थांबायचं. आधी हृदय सावरायचं.

हा फरक मेडिकलवाल्याला काउंटरवरून कसा दिसणार?

खान्देशाचं आणखी एक आहे, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला लघवीची गोळी चालू असते, बीपी उतरवणारी औषधं चालू असतात. दिवसभर घाम गाळून शरीर सुकलेलं. त्यावर रात्री ही गोळी आणि सोबत दारू घेतली, तर डोळ्यापुढे अंधारी येणारच. दोष फक्त उन्हाला कसा द्यायचा?

काही जण भलताच उपाय करतात. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्यांनी ‘कमजोरी’ येते असं ऐकतात आणि त्याच परस्पर बंद करतात. काही औषधांनी तसा त्रास होतो, हे खरं. पण त्यावर डॉक्टर डोस बदलू शकतात, औषध बदलू शकतात. त्यांतल्या बीटा ब्लॉकर गोळ्या एकाएकी सोडणं म्हणजे अटॅकला आमंत्रण.

बरं, ताठरतेची ही अडचण आली म्हणजे फक्त तेवढीच आली, असंही नाही. केळीच्या बागेत ठिबकची बारीक नळी आधी तुंबते, मुख्य पाइप नंतर. शरीराचंही तसंच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. म्हणून हृदयाचा त्रास दिसण्याच्या दोन-चार वर्षं आधी ही तक्रार सुरू होऊ शकते. मधुमेह असेल, तंबाखू असेल, तर हा इशाराच समजायचा. चोरून गोळी घेणारा नेमका तो इशारा दाबून टाकतो.

मग भिंतीवरच्या जाहिराती. एसटी स्टँडच्या बाहेर पडा, ‘गमावलेली ताकद’ परत देणारे पाच नंबर दिसतील. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. सत्तर वर्षं झाली, रंग अजून ओला आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या अशा पुड्यांत सिल्डेनाफिल लपवून मिसळलेलं असतं, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासणीत वारंवार पकडलं आहे. नायट्रेट घेणाऱ्याला त्या पुडीत काय आहे हे कळणार तरी कसं?

या गोळीचा जन्म तरी कुठला? फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल तयार झालं आणि त्याची चाचणी झाली ती छातीच्या दुखण्यासाठी. तिथे जमलं नाही, दुसराच गुण सापडला आणि १९९८ मध्ये व्हायग्रा बाजारात आली. आज फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला की डॉक्टर हेच औषध बायकांना देतात, नवजात बाळांनाही देतात.

हृदयासाठी शोधलेलं औषध हृदयाच्या डॉक्टरांपासूनच लपवायचं?

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. ईसीजी होतो, इको होतो, मीठ किती खाता हेही विचारलं जातं. हा एक प्रश्न मात्र विचारायचा राहतो. मुलगा, सून, जावई केबिनमध्ये उभे असताना रुग्ण आपणहून बोलणार नाही. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवा आणि तुम्हीच विचारा. नायट्रेट लिहून देताना तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि दादा, तुम्ही एवढं करा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, कागदात गुंडाळलेली तीही. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे असो की गल्लीतला दवाखाना, केसपेपरवर तिचं नाव लिहून घ्या. घरात निदान बायकोला सांगून ठेवा. आणि कधी छातीत दुखलंच, तर जिभेखाली काही ठेवण्याआधी सांगा: ही गोळी मी घेतली आहे, अमुक वाजता घेतली आहे.