पंपाऐवजी दोन हात

लेस्टर, इंग्लंड

ती. आईस,


सुमीच्या बाळंतपणासाठी दूध काढायचा विजेचा पंप आणायचं तुझं फर्मान पोचलं. पंप आम्ही आणणार नाही. कंजूषपणा म्हणण्याआधी पत्र पुरतं वाच. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक, थेंबाथेंबाने आणि दाट. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला छोटा चमचाभर पुरे होतो. तेवढा पंपाने ओढला तर निम्मा यंत्रालाच चिकटणार. म्हणजे यंत्र तृप्त आणि बाळ उपाशी. हाताने काढलेला थेंब सरळ चमच्यात पडतो. इथल्या सुईणी लोकरीचा विणलेला स्तन हातात धरून हे शिकवतात (हसू नकोस, टोपड्यांचीच लोकर ती). अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे रेटायचं, मग चिमटीत दाबून सोडायचं. बोटं कातडीवरून घसरली तर चुकलं. दुखलं तरी चुकलंच.

यंत्र जास्त ओढतं, असं तू म्हणशील. कॅलिफोर्नियातल्या एका चाचणीत नीट न पिणाऱ्या नवजात बाळांच्या 68 आयांपैकी काहींना हाताने, काहींना पंपाने दूध काढायला लावलं. निघालेल्या दुधात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण दोन महिन्यांनी हातवाल्यांत शेकडा 96 जणी बाळाला आपलं दूध देत होत्या, पंपवाल्यांत 73. हे 2012 सालचं. चाचणी लहान होती, कबूल. पण पंपाच्या बाजूने तर तीही बोलत नाही. पुढे दूध भरून आलं, सुमीची रजा संपली की पंप कामाचा. तेव्हा जरूर घेऊ.

मावशीचा आक्षेप वेगळा असेल: चीक बाळाला जड, पिळून टाका. गाईच्या चिकाचा खरवस वेलची घालून आळीभर वाटायचा आणि आईचा चीक मोरीत ओतायचा, हा न्याय मला कळलेला नाही. काढलेलं दूध पाजणं हे विलायती खूळ म्हणाल, तर आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये आपल्या मुंबईत, शीवच्या रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

तेव्हा सुमीला नखं कापायला सांग आणि माळ्यावरचं दूध पाजायचं बोंडलं काढून उकळून ठेव. पंपाची जागा बॅगेत मोकळी आहे. परतताना डिंकाचे लाडू तिथे बसतील.

तुझी,
माई