टॅबलेटचं गुप्त पान

सेवापुस्तकात आप्पांचं पद 'अर्धवेळ ग्रंथपाल' असं लिहिलेलं आहे. पगार त्या हिशेबाने अर्धा. काम मात्र शाळेत जे दुसऱ्या कुणाचंच नसेल ते सगळं. स्कॉलरशिपचे फॉर्म, सरल पोर्टलची माहिती, यू-डायस आणि आता पोरांचे अपार आयडी, सारं आप्पांच्या गळ्यात. कारण मुख्याध्यापकांचं मत असं, की लायब्ररीत तसंही काय काम असतं? कुणी जादा काम सांगितलं की आप्पा आधी "मी अर्धवेळ आहे" एवढं बजावतात, मग ते काम घेतात आणि संध्याकाळी शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा राहीपर्यंत करत बसतात.

शाळा शहादा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. मधल्या सुट्टीत अहिराणी, गुजरी, भिली, पावरी असा कालवा असतो. घंटा झाली की सगळे प्रमाण मराठीत गप्प होतात. अशा शाळेत तंत्रज्ञान येतं ते टेम्पोतून. आधी नारळ, मग फीत, मग फोटो. पाहुणे जेवून गेले की प्रश्न पडतो, हे ठेवायचं कुठे? अर्थात आप्पांच्या कपाटात.

आप्पा तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेत असा स्टाफरूममध्ये समज आहे. तो चुकीचा. आप्पांचा विरोध आहे तो दाखल रजिस्टरात न चढलेल्या वस्तूला. एकदा दाखल क्रमांक पडला की ती वस्तू आप्पांची, मग ती शब्दकोश असो की सोलरचा दिवा.

शाळेला देणगीतून टॅबलेट मिळाले, त्या दिवशी मी लायब्ररीतच होतो. पुस्तक दाखल करायची आप्पांची रीत ठरलेली: मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शिक्का, शिक्क्यात क्रमांक, आणि तोच क्रमांक गुप्त पानावर. हे गुप्त पान ग्रंथालयांची जुनी युक्ती आहे. सुरुवातीची पानं फाडून कुणी पुस्तक लांबवलं, तरी आतलं एक ठरलेलं पान मालक कोण ते सांगतं. आमच्या शाळेचं पान कितवं, हे आप्पांनी मुख्याध्यापकांनाही सांगितलेलं नाही.

टॅबलेटच्या पाठीवर शिक्का बसला, पण वाळेना. जांभळी शाई काचेसारख्या प्लास्टिकवरून ओघळायला लागली. आप्पांनी रजिस्टरने वारा घातला, उन्हात धरलं, शेवटी बोटाने चाचपून पाहिलं. अर्धा शिक्का बोटावर आला. टॅबलेट जोडून द्यायला आलेला पोरगा हसू दाबत म्हणाला, "सर, शिक्क्याची गरज नाही. याचा नंबर आतच असतो."

"आत म्हणजे कितव्या पानावर?"

पोराने सेटिंग उघडलं, तळापर्यंत सरकवलं आणि तो लांबलचक सिरीयल नंबर दाखवला. आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे गुप्त पान आहे याला!" त्या क्षणापासून टॅबलेटला ग्रंथालयात मानाची जागा मिळाली. ड्यूईच्या वर्गीकरणातला ००० हा विभाग, जिथे संगणकही बसतो आणि ज्ञानकोशही, तिथे सगळे ओळीने चढले.

देवघेवीचा नियम पुस्तकाचाच: सात दिवस, उशीर झाला तर रोज एक रुपया. पहिला टॅबलेट नववीतल्या एका पोराने वरच्या पाड्यावर नेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आणला.

"एवढ्यात वाचून झाला?"

"संपला, सर."

"कुठपर्यंत वाचलंस?"

"बॅटरी संपली. आमच्याकडे लाईट नही शे."

आप्पांनी नियम बदलला नाही, फक्त परत आल्याच्या रकान्यात 'अपूर्ण वाचन' असा शेरा मारला. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि २०१७ साली दीक्षा ॲप आलं, तेव्हाही त्यांचा आक्षेप एवढाच होता: "दार छापून दिलंय, पण किल्ली टॉवरकडे."

आधारवर मात्र आप्पांचं खास प्रेम. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच तालुक्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळाला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. आप्पांच्या मते ही कल्पना सरळ ग्रंथालयशास्त्रातून उचललेली आहे. माणसांना दाखल क्रमांक! आणि पहिला आमच्याकडे पडला! तक्रार एकच, की दाखल करणाऱ्यांनी शीर्षक नीट उतरवून घेतलं नाही. शाळेच्या रजिस्टरात वसावे, आधारवर वसावा, बँकेत तिसरंच काहीतरी. शिवाय निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली. ती तारीख पूर्वीच्या गुरुजींनी दाखल्याच्या सोयीसाठी घातलेली, पण मशीनला ही सोय कोण समजावणार? अपारच्या वेळी पोर्टल दर दुसऱ्या नावाला 'मॅच होत नाही' म्हणायचं. आप्पा पडद्याकडे बघून उत्तर द्यायचे, "पोरगा समोर उभा आहे रे, बघ तरी."

त्यांची खरी जखम वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी शाळेने सगळ्या ग्रंथांची यादी कॉम्प्युटरवर चढवून घेतली. टायपिंग करणाऱ्याने ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये केली, जसं तेव्हा सगळेच करत. पुढे नवीन मशीन आलं, जुना फॉन्ट राहिला मागे. आप्पांनी फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि स्वल्पविरामांचा सडा. हजारो पुस्तकं एका रात्रीत निनावी. कुणी म्हणालं कन्व्हर्टर मिळतो, पण त्याने जोडाक्षरं मोडली. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून शाळेचं सर्वांत जुनं रजिस्टर काढलं, डांबरगोळीचा वास आणि निळी शाई असलेलं, आणि युनिकोडमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकापासून टाइप करायला बसले. एका बोटाने. सुट्टीत कुणी डोकावलं तर सांगायचे, "सध्या सतराव्या पानावर आहे."

कपाटाच्या वर डॉ. रंगनाथन यांचा फोटो आहे. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला पहिलाच असा, की पुस्तकं वापरासाठी असतात. फोटोखालच्या कपाटाला दोन कुलपं आहेत. यात काही विसंगती आहे असं आप्पांना वाटत नाही. पण २०२० मध्ये 'शाळा बंद, शिक्षण सुरू' असा आदेश आला आणि पोरं रेंजसाठी टेकड्या चढू लागली, तेव्हा याच माणसाने दोन्ही कुलपं काढून पुस्तकं गोणीत भरली आणि मोटरसायकलवरून पाड्यापाड्याला वाटली. रजिस्टर पेट्रोलच्या टाकीवर बांधलेलं. त्या काळात त्यांनी एकाही पोराकडून दंड घेतला नाही, असं मी कुठे म्हटलं की ते अजूनही चिडून नाकारतात.

मध्यंतरी कुणीतरी फोनवर बोलून टाइप करायची सोय दाखवली. सातवीतली एक मुलगी फोनला पावरीत काहीतरी म्हणाली, फोनने हिंदी सिनेमाचं नाव लिहिलं. "याला आधी बालवाडीत घाला," असं म्हणत आप्पांनी तिला वाहरू सोनवणे यांचं 'गोधड' काढून दिलं; शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून पुढे आलेला, भिलीत लिहिणारा हा कवी. मुलीने पानं चाळली. "सर, ही भिली आहे. मी पावरी बोलते." आप्पांनी फोनकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि 'मागणी' वहीत नोंद केली: पावरी, तातडीने.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. साहेबांनी विचारलं, टॅबलेट वापरात आहेत का? आप्पांनी रजिस्टर पुढे केलं. सगळे जमा, एक थकीत. घेणाऱ्याच्या रकान्यात मुख्याध्यापकांची सही. नातवाला कार्टून बघायला नेला होता म्हणे. साहेब हसले, मुख्याध्यापकांनी घाईघाईने ड्रॉवरमधून टॅबलेट काढून दिला आणि दंडही भरला. आप्पांनी रीतसर पावती फाडली आणि तिच्या पाठीमागे लिहिलं: चार्जर जमा नाही.